लॉगच्या समीकरणात −२ हे उत्तर का चालत नाही?

उत्तर फक्त ५, −२ सोडून द्या. लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = लॉग १० यातले दोन लॉग एकत्र करून तुम्ही क्ष² − ३क्ष − १० = ० आणलंत, ते बरोबरच आहे. पण नैसर्गिक लॉग धन संख्येचाच निघतो. −२ मूळ समीकरणात ठेवून बघा: लॉग (−२) आणि लॉग (−५), वास्तव संख्यांत दोन्ही नाहीत. एकत्र केल्यावर मात्र (−२) × (−५) = १० होतं, उणे चिन्हं एकमेकांना खातात आणि खोटं मूळ आत शिरतं. मी कोल्हापुरात बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. हातातले गुण नेमके इथेच जातात. सोडवायच्या आधीच समासात क्ष > ३ लिहून ठेवा.

फक्त ऋण उत्तर दिसलं की लगेच खोडू नका. अट क्षवर नसते, लॉगच्या कंसात जे आहे त्यावर असते. लॉग (क्ष²) = ४ ला ई² आणि −ई² (ई हा नैसर्गिक लॉगचा पाया, सुमारे २.७१८), म्हणजे सुमारे ७.३९ आणि −७.३९, दोन्ही चालतात. तेच २ लॉग क्ष = ४ असं दिलं असेल तर −ई² बाद.