वडिलांची २०११ ची वॅगन आर सिग्नलला गरम होते, सकाळी सेल्फ जड फिरतो, पावसात धक्के मारते. मेकॅनिक हाफ इंजिन सांगतोय, करू का?

हाफ इंजिन, म्हणजे इंजिन अर्धं उघडून पॅकिंग आणि पिस्टनच्या रिंगा बदलणं, आत्ता करू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून इंजिन उघडायचं एकही कारण मला तरी दिसत नाही. मी सातारा भागात गाड्यांच्या वायरिंगचं आणि थोडंफार फिटरचंही काम करतो, अशा घरगुती जुन्या गाड्या रोज समोर असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं मला असं समजलं. गाडी पेट्रोल, ७८ हजार किलोमीटर झालेत, वडील पुण्यातच भाजी, बँक, दवाखाना एवढीच चालवतात. सकाळी सेल्फ जड फिरतो. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये काटा वर चढतो पण एक्सप्रेसवेला गेलात तेव्हा काटा जागेवर होता. आणि पाऊस लागल्यापासून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला पिकअप घेताना धक्के, चेक इंजिनचा दिवा कधी लागतो कधी जातो. मेकॅनिकने ऑइल टाकायचं झाकण उघडून आतली पांढरट मलई दाखवली आणि हेड पॅकिंग (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट, ते गेलं की कूलंट ऑइलमध्ये मिसळतं) गेलंय, उघडतोयच तर रिंगाही टाकू म्हणून ४० हजार सांगितले.

गाडी चौदा-पंधरा वर्षांची झाली की तक्रारी एकत्र येतात आणि आपल्याला वाटतं सगळ्याला मिळून एकच मोठं कारण असणार. बहुतेक वेळा तसं नसतं. तीन तक्रारी म्हणजे तीन वेगळी छोटी कामं असतात, प्रत्येकीचं कारण वेगळं शोधायचं, आणि ते मोजून शोधायचं. हात लावायच्या आधी मीटर लावला पाहिजे हे माझं ठाम मत आहे आणि त्यावरून माझी गॅरेजवाल्यांशी भांडणंही झालीत.

आधी त्या मलईबद्दल, कारण तुमचे ४० हजार तिथेच अडकलेत. वडील दोन-तीन किलोमीटर जाऊन गाडी बंद करतात, इंजिन पूर्ण तापतच नाही, आत जो ओलावा तयार होतो तो उडून जायला वेळ मिळत नाही, आणि झाकण हा इंजिनचा सगळ्यात थंड भाग असल्यामुळे वाफ तिथे येऊन बसते आणि ऑइलमध्ये मिसळून पांढरी होते. पावसाळ्यात आणि थंडीत कमी फिरणाऱ्या गाड्यांमध्ये हे सर्रास दिसतं. खरं बघायचं ते डिपस्टिकवर. पट्टी काढून पुसा, परत घालून काढा, ऑइल दुधाच्या कॉफीसारखं दिसतंय का? रात्रभर उभ्या गाडीची कूलंटची लेव्हल खुणेला आहे का, दर आठवड्याला कमी होतेय का? गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतो का? कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येत राहतात का? सकाळी थंड गाडी सुरू केल्या केल्या मिनिटभरात रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा कडक होतो का? यातलं काहीच नसेल तर नुसत्या झाकणाच्या मलईवरून हेड पॅकिंग गेलं म्हणणं चूक आहे. एक दिवस गाडी खंबाटकीपर्यंत फिरवून आणा, झाकण स्वच्छ पुसून ठेवा आणि आल्यावर परत बघा.

आणि रिंगा टाकायच्या म्हणतोय ना, मग त्याला कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायची टेस्ट, करायला सांगा. इंजिन तीन सिलिंडरचं आहे, तिन्ही स्पार्क प्लग काढायचे, गेज लावायचा, ऍक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा आणि तिन्ही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहायचे. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेत असतील तर रिंगांचा विषय संपला. एखादा खूप कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत बघायचं, आकडा वर आला तर रिंग, नाही आला तर व्हॉल्व किंवा पॅकिंग. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. हे आकडे न दाखवता कोणी इंजिन उघडायला सांगितलं तर गाडी घेऊन सरळ घरी या.

आता गरम होण्याचं. तुम्ही स्वतःच अर्धं निदान करून ठेवलंय बघा, हायवेला काटा जागेवर, सिग्नलला वर. हायवेला गाडीच्या वेगाने रेडिएटरवर वारा येतो, सिग्नलला तो वारा फक्त पंखा देतो, म्हणजे संशय पहिला पंख्यावर. उलटं असतं, म्हणजे सिग्नलला ठीक आणि घाटात किंवा हायवेला गरम, तर मी रेडिएटर चोंदलाय का, वॉटर बॉडी (कूलंटचा पंप) कूलंट ढकलतेय का, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून ठेवणारा व्हॉल्व) अडकलाय का हे बघितलं असतं.

टेस्ट अशी करा. एसी बंद ठेवा, कारण काही गाड्यांना एसीचा पंखा वेगळा असतो आणि तो फिरताना बघून माणूस समाधानी होतो. बॉनेट उघडून गाडी न्यूट्रलला चालू ठेवा आणि काट्याकडे बघत बसा. साधारण ९५ ते १०० डिग्रीच्या आसपास पंखा आपोआप लागला पाहिजे, थोड्या वेळाने बंद झाला पाहिजे, परत लागला पाहिजे. काटा नेहमीच्या जागेच्या वर सरकला आणि पंखा गप्प, तर गाडी बंद करा, निदान झालं. मग आधी फ्यूज बघा. मग फ्यूज बॉक्समध्ये पंख्याच्या रिलेच्याच (पंखा चालू-बंद करणारा छोटा इलेक्ट्रिक स्विच) नंबरचा दुसरा रिले असेल तर तो पंख्याच्या जागी लावून बघा, फुकटातली टेस्ट आहे. मग पंख्याचं सॉकेट काढून वायरमनला बॅटरीवरून डायरेक्ट करंट द्यायला सांगा, फिरला तर मोटर चांगली आहे आणि दोष रिले, वायर किंवा टेंपरेचर सेन्सरमध्ये आहे, नाही फिरला तर मोटरचे कार्बन (ब्रश) संपलेत. एक प्रकार फसवा असतो, पंखा फिरतो पण जीव नसल्यासारखा, वारा हाताला लागतच नाही, तीही मोटरच. हात मात्र पात्यांपासून लांब ठेवा, चावी काढल्यावरही पंखा अचानक लागू शकतो.

गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, हे वडिलांनाही सांगा. झाकणाच्या प्रेशरमुळे आतलं कूलंट शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सुटलं की ते सगळं एकदम उकळून तोंडावर आणि हातावर येतं. रस्त्यात काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर फुल गरमवर, ब्लोअर फुल, खिडक्या खाली, आणि तरीही लालपर्यंत गेला तर बाजूला घेऊन बंद.

अजून एक, आणि हे मला मनापासून लागतं. आपल्याकडे गाडी गरम होते म्हटलं की थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, "आपल्या हवेत त्याची गरज नाही" म्हणतात. गरज आहे. तो काढला की इंजिन वेळेवर तापत नाही, कॉम्प्युटरला वाटतं गाडी अजून थंड आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, ऍव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पेट्रोल आणि ओलावा जमतो आणि झाकणाखाली हीच तुमची मलई तयार होते. तुमच्या गाडीचा कोणी काढलाय का ते आवर्जून बघा. स्कॅनर लावल्यावर पी ०१२८ हा कोड दिसला तर तोच संशय, इंजिन अपेक्षित तापमानाला पोचत नाहीये असा त्याचा अर्थ. आणि कूलंट म्हणून नळाचं पाणी टाकू नका, आतून गंज धरतो, पुण्यात बोअरचं पाणी असेल तर क्षार वेगळेच.

सेल्फ जड फिरण्याचं काम माझ्या रोजच्या हातातलं. तीनेकशे रुपयांत मल्टिमीटर मिळतो, घेऊन ठेवा. सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॅटरीच्या दोन्ही टोकांवर व्होल्ट बघा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. मग मीटर तसाच लावून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा, १० च्या बऱ्याच खाली गेला तर बॅटरी थकलीय. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं पाहिजे, हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावरही १३ च्या वर राहिलं पाहिजे. कमी असेल तर अल्टरनेटर किंवा ढिला बेल्ट. १५ च्या वर असेल तर रेग्युलेटर गेलाय, तो नवी बॅटरीही उकळून मारेल. बॅटरी चारेक वर्षांची असेल आणि गाडी इतकी कमी फिरत असेल तर ती संपलेली असण्याचीच शक्यता जास्त.

पण बॅटरी घ्यायच्या आधी अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन-बॉडीला जाणारी जाड वायर, बघा, हे नव्वद टक्के लोक बघत नाहीत. माझ्याकडे कोकणातून एक गाडी आली होती, बॅटरी नवी, सेल्फही रिपेअर करून बसवलेला, तरी सकाळी घर्र घर्र करून बसायची. मी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या खांबावर ठेवली, टर्मिनलवर नाही, शिशाच्या खांबावर, आणि दुसरी पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि मालकाला सेल्फ मारायला लावला. तिथे पाव व्होल्टच्या आसपास दिसायला पाहिजे, त्याच्याकडे दीड व्होल्ट दिसला. सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, त्यामुळे रस्त्यात एका ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा असला तरी दीड व्होल्ट तिथेच जिरतो. गिअरबॉक्सवरचा अर्थिंगचा बोल्ट खोलला तर वायरचा डोळा वरून काळा आणि खालून हिरवा झालेला, तारा बोटाने चोळल्या तर भुगा पडत होता. नवी अर्थिंग केबल, खालचा रंग घासून धातू उघडा केला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस, गाडी पहिल्या फटक्यात चालू. तुमच्याकडेही टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर आधी निगेटिव्ह काढा मग पॉझिटिव्ह, गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवा, कोरडं करा, लावताना पॉझिटिव्ह आधी.

धक्क्यांसाठी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र, लागेल. ब्लूटूथचा छोटा ओबीडी स्कॅनर ऑनलाइन हजाराच्या आत मिळतो, किंवा वायरमनकडे जाऊन कोड वाचून घ्या. पी ०३०१, ०३०२, ०३०३ यातला कोड आला तर शेवटचा आकडा मिसफायर होणाऱ्या, म्हणजे नीट पेट न घेणाऱ्या, सिलिंडरचा. तुमच्या इंजिनला प्रत्येक प्लगवर ठिणगी देणारी वेगळी कॉइल आहे, तर समजा ०३०२ आला, दोन नंबरची कॉइल तीनवर लावा, तीनची दोनवर, कोड पुसा, दोन दिवस चालवा. कोड ०३०३ झाला तर कॉइल खराब, ०३०२ च राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा वायर. प्लग काढताना खालच्या खड्ड्यात पाणी किंवा ऑइल साचलंय का तेही बघा, पावसात सुरू झालेले धक्के बऱ्याचदा तिथलेच असतात. ऑइल असेल तर वरच्या कव्हरचं पॅकिंग बदलायचं, ते स्वस्त काम आहे. उंदरांनी वायर कुरतडलीय का तेही बघा, सोसायटीत उभ्या गाड्यांना हा त्रास फार आहे. आणि दिवा लुकलुकत असेल तर तशी गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो आणि त्याची किंमत डोळे पांढरे करणारी आहे.

तुम्ही खालून खडखड येते असंही जाता जाता लिहिलंय. स्पीड ब्रेकरवर सावकाश चढताना येत असेल तर सस्पेन्शनमधला लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश (रबरी तुकडे), स्टिअरिंग पूर्ण वळवून जाताना टक टक येत असेल तर एक्सलचा जॉइंट. गाडी रॅम्पवर घेऊन पहारीने हलवून बघितल्याशिवाय काही बदलू नका, शॉकअप तर अजिबात नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर ब्रेक आणि टायरवर करा, त्यात वडील बसतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि अशा गाड्यांत ते सहा-सहा वर्षं कोणी बघत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३२१७ म्हणजे २०१७ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की गाडी थांबत नाही, सरकते.

शिवाय पंधरा वर्षं संपली की आरसी रिन्यू करायची, फॉर्म २५, मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो, पास झाली की पाच वर्षं मिळतात, पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. तिथे ब्रेक, लाइट, इंडिकेटर, पीयूसी बघतात, त्यामुळे धक्क्यांचं काम त्याच्या आधी उरकून घ्या. पत्रा खालून सडलेला नसेल तर ही गाडी ठेवण्यासारखी आहे, या इंजिनला टायमिंग चेन आहे, बेल्ट बदलायची कटकट नाही, पार्ट तालुक्याच्या गावातही मिळतात.

तर आधी पंखा, मग बॅटरी आणि अर्थिंगचे व्होल्ट, मग कोड. बॅटरी बदलावी लागली तरी तिन्ही कामं मिळून दहा हजारांच्या आसपास निघतील असा माझा अंदाज आहे, आणि बॅटरी चांगली निघाली तर बरीच कमी. चार आकडे मला कळवा: सकाळचे व्होल्ट, सेल्फ मारतानाचे, गाडी चालू असतानाचे, आणि निगेटिव्हचा खांब ते इंजिन. सोबत कोड काय आला तेही लिहा, पुढचं मग बघू.