धातू मुरलेल्या मातीत जिवाणू कसे तगतात, आणि पिकाला त्यांचा उपयोग काय?

पुण्याच्या मांजरी गावाजवळ मुळा-मुठा नदीच्या पाण्यावर तुमचा मळा आहे आणि मातीत जस्त-कॅडमियम निघालं, असं तुम्ही हा प्रश्न विचारताना लिहिलंय.

काही जिवाणू तगतात ते सीझेडसी नावाच्या जनुकांमुळे. त्यांच्यापासून बनणारी प्रथिनं पेशीत शिरलेलं कोबाल्ट, जस्त, कॅडमियम पंपासारखी बाहेर फेकतात. बेल्जियममधल्या जस्त कारखान्याच्या गाळात १९७६ साली सापडलेल्या क्युप्रिआव्हिडस मेटॅलिड्युरन्स या जिवाणूत ही जनुकं प्लाझ्मिडवर आहेत. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचं सुटं कडं, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारं. मला हीच गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते!

पिकाला मदत होते ती काही जिवाणूंतल्या एसीडीएस या वेगळ्या जनुकामुळे. त्यापासून बनणारं विकर (एन्झाइम) इथिलीनचा, म्हणजे ताणात मुळांची वाढ रोखणाऱ्या वनस्पती-संप्रेरकाचा, कच्चा माल तोडतं, म्हणून ताणातही मुळं खुंटत नाहीत.

धातू मात्र नष्ट होत नाही. कॅडमियम पानांत साठतं, तेव्हा तिथे पालक लावू नका.