डॉटनेटमध्ये डीएलएल (कंपाइल केलेल्या कोडची फाइल) डिस्कऐवजी मेमरीतल्या बाइटमधून लोड केली की ‘अमुक टाइप अमुकमध्ये कास्ट होत नाही’ असा एरर येतो, दोन्ही नावं तर तीच आहेत. असं का?

नावं तीच, टाइप वेगळे. डॉटनेट टाइपची ओळख नावासोबत तो कोणत्या असेम्ब्लीतला (म्हणजे लोड झालेल्या डीएलएलमधला) आहे यावरूनही ठरवतं. बाइट ॲरे देऊन असेम्ब्ली.लोड दोनदा बोलावलंत की दोन स्वतंत्र असेम्ब्ली होतात. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर असाल तर एरर मेसेज शेवटपर्यंत वाचा, त्यात ‘लोडनीदर’ हा शब्द सापडेल, म्हणजे असेम्ब्ली नेहमीच्या लोड कॉन्टेक्स्टबाहेर लोड झाली आहे.

बहुतेक वेळा गडबड असेम्ब्लीरिझॉल्व्हच्या (असेम्ब्ली सापडली नाही की येणाऱ्या इव्हेंटच्या) हँडलरमध्ये असते. एकाच नावासाठी तो पुन्हा बोलावला जाऊ शकतो, आणि लोक दर वेळी नव्याने बाइट वाचून लोड करतात. डिक्शनरी ठेवा, पूर्ण नाव ही की, आधीचा ऑब्जेक्ट असेल तर तोच परत द्या. असेम्ब्लीचं साधं नाव ‘.रिसोर्सेस’ने संपत असेल (भाषांतरांची असेम्ब्ली) तर नल परत द्या. मुख्य ॲप आणि प्लगइन दोघंही वापरतात ती इंटरफेसची सामायिक डीएलएल मात्र बाइटमधून लोडच करू नका. प्लगइनच्या प्रोजेक्टमध्ये तिचं कॉपी लोकल फॉल्स ठेवा, म्हणजे तिची दुसरी प्रत प्लगइनसोबत जाणार नाही.

हँडलर जोडूनही ‘फाइल सापडली नाही’ येतं, कारण तो मेनमध्येच जोडलेला असतो आणि त्याच मेनमध्ये त्या डीएलएलचे टाइप वापरलेले असतात. जिट (ॲप चालताना कोड कंपाइल करणारा भाग) मेन कंपाइल करतानाच ते टाइप शोधतो, म्हणजे तुमची पहिली ओळ चालण्याआधी. मेनमध्ये फक्त हँडलर जोडा. बाकी सगळं वेगळ्या मेथडमध्ये, नोइनलायनिंग लावून, म्हणजे ती मेथड मेनमध्येच मिसळली जाणार नाही.

बॅडइमेजफॉरमॅट (‘ही वैध असेम्ब्ली नाही’ असा एरर) आला तर ३२-६४ बिटच्या मागे धावण्याआधी बाइटची लांबी मोजा. स्ट्रीमचं रीड एका फटक्यात सगळं देईलच असं नाही. डॉटनेट ६ पासून जीझिप आणि डिफ्लेट स्ट्रीम अर्धवट वाचन जास्त सर्रास देतात, त्यामुळे वर्षानुवर्षं चाललेला कोड अपग्रेडनंतर मोडतो. कॉपीटू वापरा.

आता खरं बोलू? फाइल लॉक होते एवढ्याच कारणासाठी मेमरीतून लोड करत असाल तर करू नका. डीएलएल टेम्प फोल्डरमध्ये कॉपी करा आणि तिथून लोडफ्रॉम करा. टेम्पमध्ये फाइल टाकणं ‘अस्वच्छ’ म्हणणारे प्रत्येक टीममध्ये भेटतात. त्यांना सांगा, नेटिव्ह (डॉटनेटबाहेरच्या) डीएलएलसाठी विंडोजच्या लोडलायब्ररीला फाइलचा पाथच लागतो, आणि त्यांचं लाडकं कॉस्चुरासुद्धा (डीएलएल ॲपच्या फाइलमध्येच भरून देणारं साधन) नेटिव्ह लायब्ररी गुपचूप टेम्पमध्येच काढून ठेवतं.

हो, बाइटमधून आलेल्या असेम्ब्लीचं लोकेशन रिकामं असतं. त्यावरून कॉन्फिगचा पाथ बनवत असाल तर ॲपकॉन्टेक्स्टची बेसडिरेक्टरी घ्या. स्टॅकट्रेसमध्ये ओळ क्रमांक हवे असतील तर पीडीबीचे (डीबगच्या माहितीच्या फाइलचे) बाइट असेम्ब्ली.लोडच्या दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये द्या. अनलोड हवं असेल तर फ्रेमवर्कवर अख्खं ॲपडोमेन (प्रोसेसमधला ॲपचा वेगळा कप्पा) पाडावं लागतं. डॉटनेट कोअर ३.० पासून कलेक्टिबल (अनलोड करता येणारा) लोड कॉन्टेक्स्ट आहे, पण एखादा स्टॅटिक इव्हेंट प्लगइनला धरून बसला तर तोही सुटत नाही.