दोन-अडीच वर्षांच्या लेकराला जिम्नॅस्टिक्सला घालताय? मग हे वाचा

ताई, लेकरू पहिल्या दिवशी मॅटवर पायच ठेवत नाही, तुम्हाला चिकटून बसतंय म्हणून लगेच बंद करू नका, या वयात तसंच असतं, दोन-तीन आठवडे नुसतं बघू द्या. आईबापासोबतच्या बॅचमध्ये तुम्हालाच आधी मॅटवर उतरावं लागतं, म्हणून साडी किंवा ओढणीपेक्षा ट्रॅक पँट बरी, अन् लेकराच्या हातातलं कडं, कमरेचा करदोटा काढून ठेवा, सॉक्स पण काढा, घसरतंय.

सगळ्यात महत्त्वाचं, हाताला धरून उचलायचं नाही!! ५ वर्षांच्या आतल्या लेकरांचं कोपर नुसत्या झटक्यानं निसटतंय, आपण जत्रेत दोन्हीकडून हात धरून झुलवतो ना, तसं तर अजिबातच नाही. काखेत किंवा कमरेला धरा. कोलांटउडी कोचनंच करून घ्यावी, हनुवटी छातीला टेकवून, डोक्यावर भार येऊ न देता. ट्रॅम्पोलिन (उड्या मारायची स्प्रिंगची जाळी) मात्र ६ वर्षांपर्यंत नकोच, हाडांचे डॉक्टरही हेच सांगतात.

आपल्याकडं एप्रिल-मेमधी पत्र्याच्या हॉलात जीव जातो, सकाळची बॅच बघा, पोटभर चारून आणू नका.

अन् स्प्लिटसाठी (दोन्ही पाय विरुद्ध बाजूंना सरळ पसरून जमिनीला टेकवणं) मांड्या दाबून बसवणारा कोच दिसला की सरळ उठून या. घाई कशाची हो, ऑलिम्पिकला सुद्धा त्या वर्षात १६ पूर्ण लागतात मुलींना. सध्या बेडकासारख्या उड्या, अस्वलासारखं चालणं, फळीवरून तोल सांभाळणं, एवढं खूप झालं.