गुलाबांची मिरवणूक आणि मागनं आलेला फुटबॉल

प्रश्न: माझा भाचा मिशिगन युनिव्हर्सिटीत शिकतोय. डिसेंबर आला की फॅमिली ग्रुपवर त्याचं रोझ बाऊल, रोझ बाऊल सुरू. कॉलेजच्या पोरांची मॅच आणि एवढी गर्दी? आणि त्यात गुलाबाचा काय संबंध?
– एक आत्या, विश्रामबाग, सांगली

उत्तर: ताई, गुलाब आधी, फुटबॉल मागनं. आपल्याकडं जत्रेत कसं पालखी मूळ आणि कुस्त्यांचं मैदान गर्दी खेचायला, तसंच हे. लॉस एंजेलिसच्या शेजारी पासाडेना म्हणून गाव आहे, तिथल्या व्हॅली हंट क्लबच्या मंडळींनी १ जानेवारी १८९० ला फुलांनी सजवलेल्या बग्ग्यांची मिरवणूक काढली, का तर तिकडं पूर्वेला लोक बर्फ उपसत बसलेत आणि आमच्याकडं भर थंडीत गुलाब फुलतोय, हे जगाला दाखवायला. सरळ बोलायचं तर गावची जाहिरात.

मग खर्च वाढला, म्हणून १९०२ ला जोडीला तिकीट लावून फुटबॉलची मॅच ठेवली. मिशिगन विरुद्ध स्टॅनफर्ड, म्हणजे तुमच्या भाच्याचं कॉलेज पहिल्या मॅचपासनं आहे. गंमत अशी की मिशिगनचा कोच फील्डिंग योस्ट आदल्याच सीझनला स्टॅनफर्डला कोचिंग करत होता, त्याला त्यांचं सगळं माहीत. स्कोअर ४९-० झाला आणि आठेक मिनिटं बाकी असतानाच स्टॅनफर्डनं हात टेकले. आयोजकांची पण हौस फिटली, पुढं तेरा वर्षं फुटबॉलचं नाव नाही. त्याऐवजी रथांच्या शर्यती लावल्या, शहामृगं पळवली, १९१३ ला तर हत्ती आणि उंट पळवला (हत्ती जिंकला). आपल्या वाळवा-खानापूरकडच्या शर्यतीच्या शौकिनांना हे जाम आवडलं असतं.

१९१६ ला फुटबॉल परत आला, वॉशिंग्टन स्टेटनं ब्राऊनला १४-० हरवलं, आणि तिथनं एकही वर्ष चुकलेलं नाही. १९२२ ला वाडग्याच्या म्हणजे बाऊलच्या आकाराचं रोझ बाऊल स्टेडियम बांधलं, मॅचला नाव त्याचंच मिळालं, ते बघून बाकीच्या गावांनी पण आपापले ऑरेंज बाऊल, शुगर बाऊल, कॉटन बाऊल काढले. १९४७ पासनं बिग टेन म्हणजे मिशिगनकडच्या कॉलेजांच्या गटातली टीम विरुद्ध पश्चिम किनाऱ्याची टीम असा करार होता, आता ती देशाचा चॅम्पियन ठरवणाऱ्या प्लेऑफची एक फेरी झालीय, कोण येईल नेम नाही. जुने लोक कुरकुरतात आणि त्यांचं खरंय, ठरलेल्या वैऱ्याची मजा वेगळीच असते. पण भाच्यासमोर हे बोलू नका, १ जानेवारी २०२४ ला मिशिगननं इथंच अलाबामाला ओव्हरटाइममध्ये २७-२० हरवलं आणि पुढं चॅम्पियन पण झाले.

प्रश्न: १९९४ च्या वर्ल्ड कप फायनलला बॅजिओनं पेनल्टी वर मारली ते हेच रोझ बाऊल का? मग ही मॅच आपल्याच फुटबॉलची ना?
– एक फुटबॉलवेडा, मिरज

उत्तर: स्टेडियम तेच, खेळ वेगळा. लांबट बॉल, तो हातात घेऊन पळायचं, डोक्याला हेल्मेट, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकलं नाही तर बॉल समोरच्याला. पायाचं काम अगदी थोडं.

प्रश्न: उलट्या दिशेला पळालेला खेळाडू याच मॅचमधला का? आणि मॅच कधी दुसरीकडं झाली का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर: याच मॅचमधला. १९२९, कॅलिफोर्निया विरुद्ध जॉर्जिया टेक. समोरच्याच्या हातनं बॉल निसटला, कॅलिफोर्नियाच्या रॉय रीगल्सनं उचलला, त्या झटापटीत गडी गरकन फिरला आणि जो सुसाट सुटला तो स्वतःच्याच गोलकडं, साठ-पासष्ट यार्ड! मागनं त्याच्याच टीमचा बेनी लॉम बोंबलत पळतोय, त्यानं शेवटी अगदी गोलजवळ धरलं, तोवर समोरच्यांनी येऊन एक यार्डवर पाडलं. पुढच्याच किकला बॉल अडवला गेला, जॉर्जिया टेकला दोन पॉइंट मिळाले आणि मॅच संपली ८-७. म्हणजे त्या दोन पॉइंटनीच घात केला. बिचारा हाफ टाइमनंतर उतरायलाच तयार नव्हता, कोचनं पाठवला, आणि नंतर चांगला खेळला हे मात्र कुणी सांगत नाही.

दुसरीकडं दोनदा झाली. जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर पश्चिम किनाऱ्यावरही हल्ल्याची भीती होती म्हणून १९४२ ला पूर्वेकडच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक युनिव्हर्सिटीनं आपलं डरहॅमचं मैदान दिलं आणि घरच्या मैदानावर स्वतःच ओरेगॉन स्टेटकडनं २०-१६ हरले. २०२१ ला कोविडमुळं टेक्सासला गेली.

बघायची असेल तर तिकडं १ तारखेला दुपारी सुरू होते, म्हणजे आपल्याकडं २ जानेवारीची पहाट, अडीच-साडेतीनच्या सुमाराला. १ तारीख रविवारी आली तर सगळं एक दिवस पुढं, २०२३ ला तसंच झालं. हा नियम १८९३ पासनंचा, चर्चबाहेर बांधलेली घोडी मिरवणुकीच्या आवाजानं बुजतील म्हणून केलेला, घोडी गेली तरी नियम तसाच आहे.