नोकरी करता करता कॅटची (एमबीएच्या प्रवेश परीक्षेची) तयारी होते का, मॉक (सराव परीक्षा) कधीपासून द्यावेत?

होते की, पण आधी सिलॅबस संपवतो मग मॉक देतो असं म्हणत बसू नका, सिलॅबस कधीच संपत नाही. तीन सेक्शन, प्रत्येकाला ४० मिनिटं आणि एकातून दुसऱ्यात जाता येत नाही, त्यामुळे काय सोडायचं हे कळणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते मॉकमध्येच कळतं. डीआयएलआरच्या, म्हणजे डेटा आणि लॉजिकच्या सेक्शनमधल्या, सेटचं (एकाच माहितीवरच्या प्रश्नांच्या गटाचं) टेबल पाच-सहा मिनिटांत भरायला लागलं नाही तर सरळ पुढे जा, जीव अडकवू नका. बरोबरला ३ मार्क, चुकलं की १ कट, पण उत्तर टाइप करायच्या प्रश्नांना निगेटिव्ह नसतं, ते कोरे ठेवू नका. आणि प्लीज, मॉकमधले चुकलेले प्रश्न सोल्यूशन न बघता आधी परत सोडवा.