दारू न पिता लिव्हर खराब होतं का? पाळी गेल्यावर बायकांना धोका वाढतो का?

दोन्हीला हो.

माझी आई जन्मात दारूला शिवली नाही. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, कागदावर तरी. गावातली हातभट्टी फोडायला निघालेल्या बायकांत आई पुढे होती. ५४ व्या वर्षी तिचे पाय सुजले, पोटात पाणी झालं, रिपोर्टात सिरॉसिस निघालं, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक झालेलं. दवाखान्यातून घरी आणली तर मोठे बाबा ओसरीत चार माणसांसमोर मला विचारतात, "काहून बे, तुही माय चोरून घेत होती का?"

आईनं ऐकलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

आता मागचं सांगतो. ३७ व्या वर्षी अंगावरून फार जायचं म्हणून तिची पिशवी काढली. "काढून टाका, झंझट मिटते," हा सल्ला याच मोठ्या बाबांचा. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयंही काढली, हे मला १७ वर्षांनी पत्र्याच्या पेटीतला कागद वाचून कळलं. आईला कोणी सांगितलंच नव्हतं. अंडाशयं गेली की इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन एकदम पडतं. मांड्यांवर बसणारी चरबी पोटात अन् लिव्हरमध्ये साचू लागते, इन्सुलिन नीट काम करत नाही. पुढे आईला शुगर निघाली. कंबर धरली, कापूस वेचणं सुटलं, चहातली साखर मात्र सुटली नाही. लिव्हरला आधी चरबी, मग सूज, मग व्रण. हे होताना दुखत काहीच नाही.

म्हणून गाठ नसेल, कॅन्सर नसेल तर पिशवी काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. अंडाशयं ठेवता येतात का, हे तोंडानं विचारा. घरातल्या पुरुषांना विचारू नका.

तसं पाहिलं तर पिशवी काढलेल्या सगळ्यांना हे होत नाही, अन् आईच्या शुगरकडे आम्हीही दुर्लक्षच केलं. थायरॉइड कमी पडणं, पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार) यांनीही धोका वाढतो. हिपॅटायटिस बी अन् सी हे लिव्हर बिघडवणारे विषाणू आहेत का, तेही तपासून घ्याच. नुसती चरबी असेल तोवर वजन ७ ते १० टक्के उतरवलं तर लिव्हर बरंच सावरतं. हार्मोनच्या गोळ्या मनानं घेऊ नका. अन् पिणाऱ्या बाईचं लिव्हर पुरुषापेक्षा कमी दारूत बिघडतं, हेही खरं.

मोठे बाबा रोज संध्याकाळी कुठे जातात हे गावाला माहीत आहे. एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल आला म्हणून तो कागद खिशात घेऊन फिरतात. एसजीपीटी नॉर्मल असूनही लिव्हर आतून कडक झालेलं असू शकतं. तुम्हाला सांगतो, त्यांना सांगायला मी जाणार नाही.